डॅशबोर्डामागची गुळगुळ

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे, कारण हे नाव त्यानं कमावलेलं होतं. गाडी वळणावर दिसायच्या आत हा गॅरेजमधून ओरडायचा, "मागचं डावं बेअरिंग वाजतंय, आत घ्या!" गाडीवाला बापडा नुसता पत्ता विचारायला थांबणार असायचा. पण चाक खोलावं तर बेअरिंगचा खरोखरच खुळखुळा झालेला असे. मग काय, पुढचे दोन दिवस कानसेनचे पाय जमिनीला लागत नसत.

आता या गोष्टीतली मेख अशी, की ह्या कानसेनला हल्ली ऐकू येत नव्हतं.

लगेच हळहळू नका. त्याचं म्हणणं विचाराल तर कान ठणठणीत होते, लोकच पुटपुटायला लागले होते. बातम्या देणारे पुटपुटतात, गिऱ्हाइकं पुटपुटतात, आणि बायको, जी लग्नात चांगली मोकळ्या गळ्याची होती, ती तर सगळ्यात जास्त पुटपुटते. हे झालं जगाला सांगायचं. मनातून त्याला पुरतं ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ झाकायला त्याच्याकडे हातभर लांबीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतली कुरकुर हाडातून थेट डोक्यात शिरायची. जुने मेकॅनिक सगळेच असं करतात, त्यामुळे कुणाला संशय यायचं काही कारण नव्हतं.

संशय आला तो लेकीला. मागे ती आली होती तेव्हा गॅरेजच्या दारात एक टेम्पो मागे येत होता. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर दमला, आणि कानसेन आपला पाठमोरा उभा राहून नट शोधतोय! टेम्पोनं ढुंगणाला हलकासा धक्का दिला तेव्हा कुठे स्वारी वळली, आणि वर ड्रायव्हरलाच म्हणते कशी, "डोळे फुटलेत का रे?" लेकीच्या काळजाचं पाणी झालं. तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बाबा, एक तर कानाच्या डॉक्टरकडे चला, नाहीतर गॅरेज बंद करा आणि आमच्याकडे येऊन राहा. ऐकणार नसाल तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन."

लेक बापाच्या वळणावर गेली होती, म्हणजे बोलली की करणारच. आणि डॉक्टरकडे जायचं म्हणजे? कानसेनच्या कानाला डॉक्टर! गल्ली हसून लोळली असती, आणि मग गाडी कोण आणणार होतं? म्हणजे इकडून काय नि तिकडून काय, गॅरेज जाणारच, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. गॅरेज गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हा विचार आला की त्याला घास गिळवत नसे.

अशातच एका गारठलेल्या सकाळी गॅरेजसमोर एक हिरवी व्हॅन थांबली आणि तिच्यातून विहीणबाई उतरल्या. लेकीच्या सासूबाई. शेजारच्या गावात त्यांची रोपवाटिका होती. रोपं स्वतः लावायच्या, स्वतः गाडीत भरायच्या आणि स्वतःच डोंगरापलीकडे नेऊन पोचवायच्या. बाई कामाला वाघीण, पण तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी इथे जे दिसेल ते संध्याकाळच्या आत सुनेच्या कानावर जाणार, हे ठरलेलं.

"या, या, विहीणबाई!" कानसेनची बायको शिलाई मशीनवरून उठली. गॅरेजच्या कोपऱ्यात बसून ती सीट कव्हरं शिवायची.

"बसायला सवड नाही बाई," विहीणबाई म्हणाल्या. "गाडीच्या पोटात काहीतरी बिघडलंय. चालू केली की डॅशबोर्डाच्या मागे गुळगुळ, गुळगुळ. आत कुणीतरी चूळ भरतंय म्हणा ना! आणि हीटर लावावा तर थंड हवा. मागे माझी रोपं कुडकुडतात, पुढे माझे गुडघे. आमच्याकडचा मेकॅनिक म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल. मी म्हटलं, व्याही मेकॅनिक असताना मी परक्यापुढे इंजिन उघडू? ऐका बरं, व्याहीबुवा."

विहीणबाईंचा आवाज असा खणखणीत, की कानसेनला त्यांचं अक्षर न् अक्षर कळायचं. तेवढाच दिलासा. त्यांनी गाडी चालू केली. कानसेननं खिडकीतून डोकं आत घातलं. डॅशबोर्ड सगळा प्लॅस्टिकचा, त्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून काय उपयोग? त्याला काहीही ऐकू आलं नाही.

"येतंय ना ऐकू?"

"हं," कानसेननं डोळे मिटून मान डोलावली. गवयासमोर बसल्यासारखी.

"मध्येच थांबतं बघा, आणि मग पुन्हा सुरू होतं."

"हं, हं. झालं बघा सुरू."

"आत्ता? अहो, आत्ता तर मी गाडी बंद केली!"

कानसेननं डोळे उघडले. किल्ली खरंच फिरवलेली होती. पण हरेल तो कानसेन कसला? "विहीणबाई, मुरलेल्या कानात आवाज रेंगाळतो थोडा वेळ," तो म्हणाला. कोपऱ्यात बायकोला एकदम खोकल्याची उबळ आली.

कान दगा देत होते, पण हात आणि डोळे शाबूत होते. त्यानं बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढून पाहिली. गॅस्केट फुटून पाणी तेलात शिरलं असतं तर तेल दुधाळ दिसलं असतं. ते नव्हतं. गाडी पुन्हा चालू करायला लावून सायलेन्सरमागे जाऊन धूर पाहिला, हुंगला. पांढरे लोट नाहीत, गोडसर वास नाही. मग हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप हातात धरले. एक चटका देणारा, दुसरा थंडगार. कानसेनच्या मिशीत पहिल्यांदा हसू आलं.

"गरम पाणी आत जातंय, पण पलीकडे पोचत नाहीये," तो म्हणाला. "वाटेत हवा अडकून बसलीय. आता चहा घ्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर थोबाड भाजेल माझं."

चहा झाला, इंजिन निवलं. झाकण उघडून पाहिलं तर पाणी बरंच खाली गेलेलं, आणि झाकणाचं रबर चिरलेलं. कानसेननं ते विहीणबाईंसमोर धरलं. "हा घ्या तुमचा चोर! झाकण नीट धरत नाही, म्हणून गरम झालं की पाणी बाहेर आणि निवलं की हवा आत. हवेची खोड अशी, की ती उंच जागा धरून बसते. तुमच्या गाडीत हीटरच्या नळ्या उंचावर, म्हणून ती तिथे ठाण मांडून बसलीय. पाणी तिला ढकलत जातं, तीच तुमची गुळगुळ."

"म्हणजे गॅस्केट गेलं नाही?"

"तेही बघू. पाणी भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं. हवा असेल तर बुडबुडे येतील आणि संपतील. गॅस्केट गेलं असेल तर संपणारच नाहीत. तुम्ही गाडीत बसा, मी हात वर केला की जरा रेस द्या. आणि हीटर फुल गरमवर ठेवा, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट राहील."

गॅरेजला लागूनच चढ होता. गाडीचं नाक वर करून उभी केली, चाकांना दगड लावले, पाणी आणि कूलंट भरलं आणि इंजिन चालू झालं. कानसेन रेडिएटरच्या तोंडाशी वाकून बघत होता. आधी काहीच नाही. मग इंजिन तापलं, वरचा जाड पाइप गरम झाला आणि बुडबुडे यायला लागले. भसाभसा! पाणी खाली जाई, तो वरून भर घाली. पाइप हातानं दाबावा, की आणखी दोन-चार बुडबुडे उसळावेत. हळूहळू ते विरळ झाले आणि थांबले. पाणी एकदम निवांत.

"बघा या, हातच्या काकणाला आरसा कशाला!" कानसेन ओरडला. "गॅस्केट शाबूत आहे, विहीणबाई!" त्यानं नवीन झाकण घट्ट बसवलं. आनंदात हीटरचे पाइप पुन्हा चाचपून बघायचे राहून गेले.

विहीणबाई खाली उतरल्या. "तुम्हीच आत बसून ऐका एकदा, तोवर मी मागच्या कुंड्या नीट करते. चढावर उभी केल्यात नि सगळ्या मागे घसरल्या."

आली का पंचाईत! कानसेन आत बसला. इंजिन चालूच होतं. त्यानं कान टवकारले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. शांत. पण हल्ली त्याला सगळं जगच शांत होतं, त्याचं काय करणार?

"गेला!" त्यानं दणकून जाहीर केलं. "नामोनिशाण नाही आवाजाचं!"

"देव पावला," मागून विहीणबाई म्हणाल्या. "निघतेच मग. डोंगर चढून दुपारच्या आत रोपं पोचवायचीत."

हात पुसायला फडकं घेऊन बायको खिडकीशी आली होती. फडकं तिच्या हातातच राहिलं. ती डॅशबोर्डाकडे बघत होती. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नसलं, की तिचा चेहरा असा व्हायचा. कानसेनला तो चेहरा पाठ होता.

म्हणजे गुळगुळ होती. अजून होती.

गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. विहीणबाई जातील, सुनेला सांगतील, बाबांनी एका सकाळी गाडी बरी केली, आणि गॅरेज वाचेल. थोडीशी हवा काय, जाईलही आपोआप. पण नाही गेली तर? चढावर ती भलतीकडे सरकली, पाणी उकळलं, तर डोंगराच्या मध्यावर ही बाई वाफ सोडणारी गाडी घेऊन थंडीत एकटी उभी राहील. त्याच्यावर भरवसा टाकून आलेली बाई.

कानसेननं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"विहीणबाई, थांबा. निघू नका."

"का हो?"

"आवाज गेला म्हणालो ते खोटं." त्याला इतकी लाज वाटत होती, की मान वर होईना. "गेला की राहिला, मला कळलेलंच नाही. मघाशीही ऐकू आला नव्हता. मला... मला ऐकू येत नाही हल्ली."

विहीणबाईंनी हातातली कुंडी खाली ठेवली. त्या काही बोलायच्या आत बायकोच कडाडली.

"सुटले गं बाई एकदाची! अहो, दोन वर्षं घसा फोडतेय मी! गल्लीला वाटतं, ही बाई उठता-बसता नवऱ्याशी भांडते. समोरच्या वहिनी मला समजवायला आल्या होत्या, 'संसारात थोडं पडतं घ्यावं' म्हणून!"

कानसेन बघतच राहिला. "म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस?"

"मी? पुटपुटत?" बायकोनं कपाळाला हात लावला. "माझा आवाज पार चौकापर्यंत जातो!"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात, म्हणून मीही लपवलं," ती म्हणाली. आवाज मोठाच होता, पण जरा हलला. "म्हटलं, लपवायचंच आहे तर दोघांनी लपवू. एकट्याला किती जड जाईल."

कानसेननं आपलं तोंड बॉनेटमध्ये खुपसलं आणि हीटरचे पाइप धरले. एक चटका देणारा, दुसरा अजूनही थंडगार. हे कसं? त्यानं डोकं वर काढलं, गाडीत वाकून पाहिलं आणि उडालाच.

"हीटरचं बटण कुणी बंद केलं?"

विहीणबाई एकदम कुंड्या मोजायला लागल्या.

"विहीणबाई!"

"गार वारा येत होता गुडघ्यांवर," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही तिकडे वाकलेले, तुम्हाला कुठे कळतंय?"

"अहो, पण वाटच बंद केल्यावर हवा बाहेर पडणार कुठून? तुमच्या गुडघ्यांपायी सकाळभर झटापट केली मी!"

"बरं बरं. तुम्ही कान लपवलेत, मी बटण लपवलं. फिट्टंफाट," विहीणबाई म्हणाल्या, आणि आधी बायको, मग त्या आणि शेवटी कानसेन, तिघंही खो खो हसत सुटले.

इंजिन निवेपर्यंत पुन्हा थांबणं आलं, पुन्हा चहा आला. मग सगळं पहिल्यापासून. या वेळी गाडीत बायको बसली. हीटर फुल, आणि बटणावर तिचा पहारा. ठरलं असं, की गुळगुळ ऐकू येतेय तोवर तिनं हात खिडकीबाहेर उंच धरायचा, आणि थांबली की खाली घ्यायचा.

इंजिन तापलं. कानसेन पाइप दाबायचा आणि बायकोच्या हाताकडे बघायचा. हात वरच. पाइप दाबला, सोडला, पाणी घातलं. हात वर. एक मोठा ढेकर द्यावा तसा बुडबुडा आला आणि पाणी एकदम खाली गेलं. त्यानं भर घातली. हात थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. विहीणबाई श्वास रोखून त्या हाताकडे बघत होत्या. आणखी एकदा दाबलं. बारीक बारीक बुडबुड्यांची माळ आली आणि तुटली. बायकोचा हात अलगद खाली आला. कानसेननं दुसरा पाइप धरला आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. चांगलाच तापला होता. त्याला इतका आनंद झाला, की पोळलेली बोटं तोंडात घालून तो तसाच हसत उभा राहिला.

त्यानं झाकण लावलं. विहीणबाई आत बसल्या, कान देऊन ऐकलं, मग दोन्ही गुडघे हीटरसमोर धरले आणि "अहाहा!" म्हणून डोळे मिटले. गाडी सपाटीवर घेऊन गल्लीतून दोन फेऱ्या मारून आल्या. कुठे गुळगुळ नाही, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. कानसेनचा जीव भांड्यात पडला.

पण क्षणभरच. कारण विहीणबाईंनी पर्समधून फोन काढला.

त्या व्हॅनपलीकडे उभ्या राहून, कधी नव्हे ते हळू आवाजात बोलत होत्या. फोन स्पीकरवर, बायको शेजारी. कानसेनला नुसते हलणारे ओठ दिसत होते. विहीणबाईंनी एकदा त्याच्याकडे बोट दाखवलं. मग कानाकडे. मग जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. संपलं, तो मनात म्हणाला. तो पाने-पकडी गोळा करायला लागला. लेकीच्या घरी कुठला पाना न्यायचा, कुठला कुणाला देऊन टाकायचा, असे नको ते विचार यायला लागले. पण गाडी थांबवल्याचा पश्चात्ताप त्याला होत नव्हता, ही त्याचीच त्याला गंमत वाटली.

"येते हो, व्याहीबुवा!" विहीणबाई ओरडल्या आणि हिरवी व्हॅन वळणापलीकडे गेली.

"काय म्हणाल्या?" कानसेननं विचारलं.

बायको दुरून ओरडली नाही. ती जवळ आली, त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सावकाश, मोठ्यानं सांगायला लागली.

"म्हणाल्या, 'तुझ्या बाबांना काडीचंही ऐकू येत नाही.'"

कानसेननं मान खाली घातली.

"पुढचं तर ऐका! म्हणाल्या, 'आणि हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. मी निघाले होते, माझी गाडी अडवून सांगितलं. असा मेकॅनिक मला दुसरीकडे मिळणार नाही, तेव्हा कुलूपबिलूप काही आणायचं नाही. परवा मी येते आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेते, कोण हसतं ते मी बघते.'"

"आणि आपली लेक?"

"ती रडली."

"रडली? का?"

"आधी तिला खरंच वाटेना. 'बाबा स्वतः म्हणाले? स्वतः?' असं विचारत राहिली. मग म्हणाली, 'आई, मला गॅरेज कुठे बंद करायचं होतं? बाबा मला गॅरेजमध्येच आवडतात. त्यांनी एकदा कबूल करावं, एवढंच हवं होतं. पुन्हा एखादी गाडी मागून येईल आणि त्यांना कळणार नाही, या विचारानं माझी झोप उडाली होती. आता कानाला मशीन लावू देत आणि खुशाल म्हातारे होईस्तोवर नट पिळू देत.'"

कानसेननं हातातला पाना बाकावर ठेवला.

"परत सांग," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं की. परत सांग."

बायकोनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग डोळे पुसले, पुन्हा त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि अगदी पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, सगळं परत सांगितलं.